यूयूसीपी : दूरच्या यंत्राची जुळणी

टेलिफोनच्या तारेवरून एका युनिक्स संगणकावरची फाइल दुसऱ्यावर पोहोचवणारा आज्ञावलींचा संच. पूर्ण नाव ‘युनिक्स-टू-युनिक्स कॉपी’. बेल लॅबोरेटरीजमध्ये माइक लेस्क यांनी तो लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. १९८३ मध्ये पीटर हनिमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी त्याचे पुनर्लेखन केले. तिघांच्या नावांवरून ही आवृत्ती ‘हनीडॅनबर’ म्हणून ओळखली जाते. पुढील वर्णन मुख्यतः तिचे आहे.

जुळणी दोन्ही टोकांना करावी लागते. ज्याला फोन जायचा, त्या यंत्राच्या मोडेमवर लॉगिनची सोय हवी आणि फोन करणाऱ्या यंत्रासाठी तिथे वेगळे खाते हवे. या खात्याला नेहमीचा शेल देत नाहीत; लॉगिन होताच ‘यूयूसिको’ ही आज्ञावली सुरू होते आणि पुढचा संवाद दोन्हीकडच्या यूयूसिको आपसांत करतात.

फोन करणाऱ्याकडे ‘सिस्टिम्स’ या फाइलीत प्रत्येक दूरच्या यंत्रासाठी एक ओळ असते : यंत्राचे नाव, फोन करण्याची वेळ, साधन, वेग, फोन नंबर आणि शेवटी लॉगिनची पटकथा. वेळेच्या रकान्यात ‘नेव्हर’ लिहिले, की आपण फोन करायचा नाही, पलीकडच्याची वाट पाहायची. ट्रंक कॉलचा खर्च ज्याच्या माथी, तो अर्थातच रात्रीचे स्वस्त तास नेमून देई. बहुतेकांची दमछाक होई ती पटकथेत. ‘पलीकडून हे आले, की हे पाठव’ अशा जोड्यांनी ती बनते. अपेक्षित शब्द ‘लॉगिन’ असा पूर्ण न लिहिता त्याचे पहिले इंग्रजी अक्षर गाळत, कारण ते एखाद्या यंत्रावर कॅपिटल, तर दुसऱ्यावर स्मॉल असे. काहीच आले नाही तर रिकामे एंटर पाठवून पुन्हा थांबण्याचीही तरतूद होती. पासवर्ड याच ओळीत उघडा पडलेला असल्याने ही फाइल इतरांना वाचता येऊ न देणे हे प्रशासकाचे पहिले कर्तव्य.

मोडेम कोणत्या पोर्टवर आहे हे ‘डिव्हायसेस’मध्ये आणि तो नंबर कसा फिरवतो हे ‘डायलर्स’मध्ये नोंदवतात. यंत्र मध्येच बंद पडले तर लॉक फाइल मागे राहू शके. मग मोडेम मोकळा असूनही ‘साधन उपलब्ध नाही’ असा निरोप येई.

‘परमिशन्स’ ही फाइल सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्या मते हनीडॅनबरची खरी कमाई. तिच्यात काहीच सवलत दिली नाही, तर पाहुण्या यंत्राला फक्त सार्वजनिक यूयूसीपी डिरेक्टरीत फाइल ठेवता येते. आपल्याकडची मागता येत नाही. दुरून चालवता येणारी आज्ञाही एकच, टपाल स्वीकारणारी ‘आरमेल’. पाहुण्या यंत्राकडे जायच्या आपल्या फाइलीसुद्धा आपण फोन केला तरच निघतात. आधीच्या आवृत्तीत हेच काम ‘यूजरफाइल’ करी, पण तिचे नियम इतके गुंतागुंतीचे होते, की अनेक जण सरळ सगळे दरवाजे उघडे ठेवत.

‘यूजनेट’ हे चर्चागटांचे जाळे आरंभी याच दुव्यांवर चालले. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास डायल-अपने ई-मेल सुरू झाली. ‘अर्नेट’ या भारतातल्या शैक्षणिक व संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या त्या सुरुवातीच्या काळात यूयूसीपी वापरात होते.

इयान लान्स टेलर यांची १९९१ ची मुक्त आवृत्ती टीसीपीवरही चालते. ती आज वापरायची झाल्यास दुवा एसएसएचमधून न्यावा, आणि परवानग्यांच्या फाइलीत गरजेपेक्षा एकही जादा सवलत देऊ नये.