गुण, शील आणि प्रवेश

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनचे एक सभासद, कारखान्यात फिटर असलेले, रविवारी सकाळी कन्येला घेऊन कचेरीत आले. मुलगी बारावीत. दहावीला तिने तालुक्यात नाव काढलेले. अमेरिकेत शिकायला जायचे, आणि तेही हार्वर्ड, येल अशा ठिकाणी, पूर्ण शिष्यवृत्तीवर, असे तिच्या मनाने घेतले होते. शहरातल्या एका सल्लागाराने तिचे गुणपत्रक पाहून प्रवेशाची शक्यता 'शेकडा बारा' अशी सांगितली होती, आणि भली मोठी फी भरल्यास ती पंचवीसपर्यंत नेऊ, असेही आश्वासन दिले होते. फिटर म्हणाले, "अण्णा, तुम्ही एवढे करार वाचता. हा आकडा खरा का खोटा, तेवढं सांगा."

१९८२ च्या गिरणी संपानंतर आमची शाळा आठवीतच सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, संपाच्या मंडपात आणि रात्रीच्या एस.टी.त. तेव्हा विद्यापीठांच्या प्रवेशाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! परंतु भरतीची यादी कशी लागते आणि कोणाचे नाव रातोरात वर सरकते, हे पाहण्यात आमची हयात गेली आहे. आकडा समोर आला की तो कोणी आणि कशासाठी काढला, हे विचारण्याची खोड जडली आहे. म्हणून त्या पोरीच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेतील प्रवेशांचा इतिहास चार महिने वाचला. तोच येथे सांगतो.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथे कोणाची 'शक्यता' मोजण्याचा प्रश्नच नव्हता. लॅटिन, ग्रीक, गणित यांची परीक्षा होई. जो उतरला तो आत गेला. एखाद्या विषयात कच्चा राहिला तरी तो मागाहून भरून काढण्याच्या अटीवर त्याला घेत. मात्र ग्रीक शिकवणाऱ्या शाळा बहुतेक खाजगी व महागड्या असत, त्यामुळे परीक्षेला बसणारी मुले कोणाची, हे आधीच ठरलेले असे. १९०० साली अनेक महाविद्यालयांनी मिळून एक सामायिक परीक्षा मंडळ काढले आणि पुढच्या वर्षी पहिली परीक्षा घेतली. आता सरकारी शाळेतल्या मुलालाही काय वाचावे हे कळू लागले.

येथूनच खरी गोष्ट सुरू होते. पूर्व युरोपातील छळाला कंटाळून लाखो ज्यू कुटुंबे अमेरिकेत आली होती. बाप कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारा, आई घरी बटणे लावणारी, आणि पोरगा सरकारी शाळेत पहिला येणारा. ही पोरे परीक्षा देऊ लागली आणि पास होऊ लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या वर्गात शेकडा वीसहून अधिक विद्यार्थी ज्यू होते. नियमाप्रमाणे यात काही वावगे नव्हते. परंतु विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना तो संकटाचा घंटानाद वाटला. त्यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला, तोही उघडपणे.

या लॉवेलसाहेबांशी आमची ओळख जुनी आहे, ती मात्र निराळ्या वाटेने झाली. साको आणि व्हान्झेट्टी या दोन इटालियन कामगारांची हकीगत कामगार चळवळीत कोणाला ठाऊक नाही? एक जोडे बनवणारा, दुसरा मासळी विकणारा. खुनाच्या आरोपावरून दोघांना मृत्युदंड झाला. जगभर निषेध उठला, तेव्हा खटला न्याय्य होता की नाही हे पाहण्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने १९२७ साली तिघांची समिती नेमली. तिचे प्रमुख हेच लॉवेल. समितीने खटला योग्य ठरवला आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत बसवले. प्रवेशाच्या इतिहासात हे नाव पुन्हा भेटले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

असो. लॉवेल यांच्या उघड प्रस्तावावर गदारोळ उठला. प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये ठराविक संख्येची कल्पना फेटाळली. कोणालाही वाटेल, प्रश्न मिटला. पण व्यवस्थापन म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने वाटाघाटी केल्या त्याला विचारावे. मागणी दारातून परत पाठवली, तर ती खिडकीतून आत येते. अर्जाचा नमुना बदलला. वंश, धर्म, आईचे माहेरचे नाव असे रकाने आले. तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल झाला आहे काय, असाही प्रश्न आला. पुढे फोटो मागू लागले. १९२६ मध्ये वर्गाची संख्या सुमारे एक हजारावर बांधली, आणि निवड केवळ गुणांवर न करता 'शील' व व्यक्तिमत्त्वही पाहून करावी, असे ठरले. 'ज्यू नकोत' हे वाक्य कोठेही लिहावे लागले नाही. लॉवेल १९३३ साली पायउतार होईपर्यंत ज्यूंचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास उतरले होते. त्याच दशकात येल, प्रिन्स्टन येथेही हीच तऱ्हा झाली, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळू लागले.

आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीच्या दारात पहाटे उभे राहात. जॉबर यायचा, ओळीवरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट तो आत. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले : माणूस चांगला आहे. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली आणि निवडलेल्यांना कार्डे दिली. तेव्हा निदान आपण यादीत आहो की नाही, एवढे तरी माणसाला कळू लागले. हार्वर्डने मात्र नेमका उलटा प्रवास केला. आधी यादी होती, मग जॉबर आणला.

गुणांच्या बाजूची कथाही काही सोवळी नाही. ज्या 'एस.ए.टी.' परीक्षेचे नाव आज घरोघर झाले आहे, ती प्रथम २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार मुलांनी दिली. तिचे कर्ते प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगम. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घेतलेल्या बुद्धिपरीक्षांवरून उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ, असे सांगणारे पुस्तक त्यांनी १९२३ मध्ये लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याचे छापून कबूल केले. इतके धैर्य सहसा दिसत नाही, हेही नमूद केले पाहिजे. आणि गंमत अशी की, लॉवेलनंतर आलेल्या कोनंट यांनी याच परीक्षेचा उपयोग दूरच्या गावांतली गरीब, हुशार मुले शिष्यवृत्तीवर शोधून आणण्यासाठी केला. हत्यार ज्याच्या हातात पडेल त्याचे काम करते. तथापि कोनंट यांनीही शीलाचा रकाना पुसला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ज वाढत गेले. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत हार्वर्ड निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेत असे. २०२१ साली ५७,४३५ अर्ज आले आणि १,९६८ जणांना प्रवेश देऊ केला गेला. म्हणजे शेकडा साडेतीनही नाही.

हार्वर्डविरुद्ध चाललेल्या दाव्यामुळे अलीकडे आतले कागद बाहेर आले. अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा सदरांत अंक देतात. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना या शेवटच्या सदरात सरासरीने कमी अंक पडत, असे आकड्यांत दिसले. खालच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्यात हेतुपूर्वक भेदभाव मानला नाही. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची पद्धत बेकायदा ठरवली. काळ्या मुलांना शेकडो वर्षांनी जो थोडा हात मिळाला होता तो सुटला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा मान मात्र त्या निकालाने हलला नाही. आम्हांला हे खटकले.

त्याच कागदांतून असे कळते की भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अध्यापकांची व कर्मचाऱ्यांची मुले आणि देणगीदार वगैरेंच्या खास यादीतली मुले हे अर्जदारांत शेकडा पाचांहून कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे तीस. वर्षे वेगवेगळी आहेत, म्हणून पुढचे गणित ठोकताळाच समजावे. हे प्रमाण २०२१ च्या आकड्यांना लावले, तर त्या लहान रांगेत साधारण पाचातला एक आत जातो आणि उरलेल्या लांब रांगेत चाळिसांतला एक. दोन्ही रांगांची सरासरी काढून कोणाची शक्यता सांगणे म्हणजे मालकाचा आणि हमालाचा पगार एकत्र करून हमालाला सांगण्यासारखे आहे. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. परीक्षेतले गुण सारखेच असूनही, सर्वांत श्रीमंत शेकडा एक कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या बड्या महाविद्यालयांत पोचतात. राज्यांच्या प्रमुख सरकारी विद्यापीठांत ही तफावत दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, आपले बाबासाहेब गेले होते ना? गेले होते, १९१३ साली, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, कोलंबिया विद्यापीठात. पण ते पदवी घेऊन उच्च शिक्षणासाठी गेले; शाळेतून येणाऱ्या मुलांची चाळणी त्यांच्या वाट्याला आली नाही. त्याच कोलंबियाने पुढच्या काही वर्षांत आपल्या पदवी महाविद्यालयातले ज्यू विद्यार्थी निम्म्याच्या आसपास घटवले.

हे सारे त्या फिटरांना एका बैठकीत सांगणे शक्य नव्हते. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, सल्लागाराचे 'बारा' कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. दहा ठिकाणी अर्ज केले म्हणून दहापट शक्यता होत नाही; सगळीकडे जवळपास तेच गुण शोधतात, एकाने नाकारले ते दुसऱ्यालाही नको असते. दुसरी, परदेशी मुलाची ऐपत न पाहता निवड करणारी ठिकाणे मोजकी आहेत, हार्वर्ड आणि येल त्यांत येतात. बाकी ठिकाणी फी भरण्याची शक्ती हाही एक गुणच. तिसरी गोष्ट शीलाची. तेथे शिक्षकांचे दोन-दोन पानी पत्र लागते. मुलीच्या मुख्याध्यापकांनी भाबडेपणाने छापील वर्तणुकीचा दाखला दिला होता, 'चालचलन चांगले', खाली शिक्का. महागड्या शाळांत अशी पत्रे लिहिण्यासाठी वेगळा माणूस पगारावर ठेवतात. आम्ही शाळेत जाऊन मुख्याध्यापकांपुढे बसलो. त्यांनी आठवून आठवून लिहिले : प्रयोगशाळेतला बंद पडलेला पंप हिने वडिलांची हत्यारे आणून कसा सुरू केला, ते.

इथल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची तयारी सोडायची नाही, या अटीवर तिने फी माफ करून घेऊन दोन अर्ज भरले. मार्चअखेर उत्तरे आली. एक नकार. दुसऱ्या विद्यापीठाने तिला प्रतीक्षायादीत ठेवले.

फिटर कागद घेऊन धावत आले. "अण्णा, वेटिंग म्हणजे रेल्वेसारखंच ना? कितवा नंबर आहे पोरीचा?"

आम्ही पत्र दोनदा वाचले. त्यात नंबर नव्हता.