११ ऑक्टोबर : संजय बांगर यांचा जन्मदिन

१९७२ साली आजच्या दिवशी बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर १२ कसोटी खेळले. पुढे ते भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. एवढ्या शिदोरीवर ते भारतीय फलंदाजांना काय शिकवणार होते, असे कुणी विचारेल. उत्तर २००२ च्या इंग्लंडमधील हेडिंग्ले कसोटीत आहे. ढगाळ हवेत, स्विंग होणाऱ्या चेंडूंसमोर सलामीला उतरून त्यांनी २३६ चेंडूंत ६८ धावा काढल्या आणि द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी रचली. त्या पायावर सचिन, गांगुलींची शतके उभी राहिली आणि भारत डावाने जिंकला. शिस्तीवर जगलेला खेळाडूच ती शिस्त उलगडून सांगू शकतो. त्यांच्या काळात २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये भारताची फलंदाजी ढासळली, हे खरे. पण तेच फलंदाजी प्रशिक्षक असताना भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना आपल्या जिल्ह्याचा हा माणूस ठाऊक असायलाच हवा.