शिडाचा दोर आणि माणसाचे बळ

विहिरीवरची कप्पी आपण रोज पाहतो. शिडाच्या जहाजावर हीच कप्पी खलाशांचा जीव तगवीत असे.

इ. स. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली. ती आजही इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात उभी आहे. अशा जहाजावर ना वाफेची यारी, ना वीज. किनाऱ्याहून पाण्याची जड पिंपे होडीतून आली, की ती वर घ्यायची कशी? ती घेतली नाहीत, तर भर समुद्रात तहानेने मरण!

मग डोलकाठीचा आधार घ्यायचा. शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात, त्याच्या टोकाला कप्प्या लावून एका दोराने पिंप उचलायचे, दुसऱ्याने जहाजावर ओढून घ्यायचे. वर बांधलेली कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते. ओझ्याबरोबर हलणारी कप्पी मात्र श्रम निम्मे करते. पण फुकट काही मिळत नाही हो! दोर दुप्पट ओढावा लागतो.

पुढे १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी होडीच्या मागे अडकवायचे इंजिन विक्रीस आणले. आज लहान शिडाच्या नौकांवरचे लोक ते इंजिन शीड चढवायच्या दोरानेच वर घेतात. मात्र डोलकाठी मधोमध असल्याने ओझे झोके खाते. म्हणून दुसरा दोर बांधून एकाने ते आवरायचे, आणि ओझ्याखाली कोणी उभे राहायचे नाही.

दोर बळ वाढवतो. सावधपणा मात्र माणसालाच आणावा लागतो.