विजेंदर सिंग : व्यावसायिक रिंगणातील कारकीर्द आणि लढण्याची शैली

भारताला ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्धाचे पहिले पदक मिळवून देणारा विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे वळला, तेव्हा त्याचे वय २९ वर्षांचे होते. देशाच्या संघातील स्थान, सरकारी शिबिरे आणि आणखी एका ऑलिम्पिकची शक्यता मागे ठेवून त्याने हा निर्णय घेतला. पुढील सात वर्षांत तो चौदा लढती खेळला. त्यांपैकी तेरा त्याने जिंकल्या, नऊ प्रतिस्पर्ध्यांना निर्धारित फेऱ्या संपण्याआधीच गारद केले आणि एकदा तो स्वतः हरला. या चौदांपैकी एक लढत मुंबईत, तर एक गोव्यात झाली. त्याच्या शैलीची ताकद आणि मर्यादा या दोन लढतींतच सर्वाधिक स्पष्ट दिसते.

भिवानी ते मँचेस्टर

विजेंदरचा जन्म २९ ऑक्टोबर १९८५ रोजी हरियाणातील भिवानी जिल्ह्यातील कालुवास या गावी झाला. वडील हरियाणा राज्य परिवहनात बसचालक होते. थोरला भाऊ मनोज मुष्टियुद्ध खेळत असे. त्याचे पाहून विजेंदरही भिवानी बॉक्सिंग क्लबमध्ये प्रशिक्षक जगदीश सिंग यांच्याकडे दाखल झाला. २००४ चे अथेन्स ऑलिम्पिक त्याने लहान वयात अनुभवले. २००८ मध्ये बीजिंग येथे ७५ किलो गटात इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ असे हरवून त्याने पदक निश्चित केले. उपांत्य फेरीत क्युबाच्या एमिलिओ कोरेआकडून तो ५-८ असा पराभूत झाला आणि कांस्यपदकाचा मानकरी ठरला. २००९ मध्ये मिलान येथील जागतिक स्पर्धेत कांस्य आणि २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, असा त्याचा पुढील आलेख आहे. २००९ मध्ये त्याला राजीव गांधी खेलरत्न, तर २०१० मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

जून २०१५ मध्ये त्याने ब्रिटनमधील क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला आणि मँचेस्टर येथे ली बिअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली सराव सुरू केला. १० ऑक्टोबर २०१५ रोजी मँचेस्टरमधील पदार्पणात त्याने सनी व्हायटिंगला तिसऱ्या फेरीत रोखले. पहिल्या सहाही लढती त्याने निर्धारित फेऱ्यांच्या आतच संपविल्या.

हौशी आणि व्यावसायिक यांतील अंतर

हौशी मुष्टियुद्धात लढत अवघ्या तीन फेऱ्यांची असते. विजेंदरच्या काळात स्पष्ट लागलेल्या ठोशाला संगणकीय यंत्रावर गुण मिळे आणि डोक्याला संरक्षक टोप असे. चपळाईने गुण घेणे आणि निसटणे हे तिथले सूत्र होते. व्यावसायिक लढती मात्र चारपासून बारा फेऱ्यांपर्यंत चालतात. डोक्यावर टोप नसतो, ठोशाचा आघात पूर्ण बसतो आणि परीक्षक प्रत्येक फेरीतील वर्चस्वावरून गुण देतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला सामान्यतः नऊ. त्यामुळे इथे चपळाईइतकेच महत्त्व दमाला, शरीरावर मार सहन करण्याला आणि शक्ती राखून ठेवण्याला येते. विजेंदर ज्या सुपर मिडलवेट गटात उतरला, त्याची वजनमर्यादा १६८ पौंड, म्हणजे सुमारे ७६.२ किलो आहे.

चढाईपटूची नजर

सुमारे सहा फूट उंचीचा विजेंदर डावा हात व डावा पाय पुढे ठेवून लढतो. पुढच्या डाव्या हाताचा सरळ, आखूड ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, हे त्याचे पहिले हत्यार आहे. त्या ठोशाने तो अंतर मोजतो, समोरच्याला थोपवितो आणि मग मागून उजव्या हाताचा सरळ प्रहार करतो. मुळात तो प्रतिहल्ला करणारा खेळाडू आहे. स्वतः घाईने तुटून पडण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे, त्याचा ठोसा हुकवायचा आणि तो सावरण्याआधी फटका द्यायचा, ही त्याची रीत.

पेण आणि रोह्याच्या मातीत कबड्डी पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, पायाने हुलकावणी देतो, बचावपटूला पाऊल उचलायला लावतो आणि त्याचा तोल ढळताच स्पर्श करून परततो. बचावपटूही पकडीसाठी आधी झेपावत नाही. चढाईपटूचे वजन कोणत्या पायावर आहे हे पाहून तो क्षण निवडतो. मुष्टियुद्धातील प्रतिहल्लाही याच तत्त्वावर उभा आहे. फरक इतकाच की कबड्डीत तीस सेकंदांनी चढाई संपते. मुष्टियुद्धात तीन मिनिटे पाठ फिरविण्याची मुभा नसते.

१६ जुलै २०१६ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये ही शैली प्रथमच पूर्ण दहा फेऱ्या कसास लागली. समोर होता युरोपचा माजी मिडलवेट विजेता, वेल्सचा डावखुरा केरी होप. विजेंदरने अंतर राखून, संयमाने खेळत ९८-९२, ९८-९२, १००-९० अशा गुणांनी डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक किताब जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टांझानियाच्या फ्रान्सिस चेकाला त्याने तिसऱ्या फेरीतच संपविले.

वरळीतील एक गुण

५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियमवर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली त्याच्यासमोर उभा राहिला. हे तेच स्टेडियम, जिथे २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला होता. दोघांचेही किताब पणाला लागले होते. डावखुऱ्या झुल्पिकारने पुढे घुसून, अंगाला भिडून लढण्याचा पवित्रा घेतला आणि विजेंदरला हवे असलेले अंतर मिळू दिले नाही. कमरेखाली मारलेल्या ठोशांबद्दल मात्र पंचांनी झुल्पिकारचा एक गुण कापला.

तीन परीक्षकांचे गुण होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. तिघांनीही विजेंदरला विजयी ठरविले, त्यामुळे निकाल एकमताचा म्हणून नोंदला गेला. पण आकडे नीट पाहिले तर चित्र वेगळे दिसते. तो एक गुण कापला गेला नसता, तर दोन परीक्षकांच्या कागदावर ९५-९५ अशी बरोबरी झाली असती आणि तीनपैकी दोघांची बरोबरी म्हणजे नियमानुसार लढत अनिर्णित राहिली असती. घुसून लढणाऱ्या तरुण प्रतिस्पर्ध्यासमोर विजेंदरची शैली किती अडचणीत येऊ शकते, याची ती पहिली खूण होती. डोकलामवरून दोन देशांत तणाव असताना झालेल्या या लढतीनंतर विजेंदरने, सीमेवर शांतता राहावी म्हणून, जिंकलेला किताब झुल्पिकारला परत देण्याची तयारी दाखविली.

मांडवीवरील पराभव

डिसेंबर २०१७ मध्ये जयपूरला घानाच्या अर्नेस्ट अमुझूवर एकतर्फी विजय मिळविल्यानंतर त्याने अमेरिकेतील टॉप रँकशी करार केला. जुलै २०१९ मध्ये न्यूअर्क येथे माइक स्नायडर आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत माजी राष्ट्रकुल विजेता चार्ल्स अडामू यांना हरवून त्याने सलग बारा विजयांची मालिका पूर्ण केली. त्यानंतर करोनामुळे सोळा महिने रिंगण बंद राहिले.

१९ मार्च २०२१ रोजी पणजी येथे एका जहाजाच्या छतावर उभारलेल्या रिंगणात तो परतला. समोरचा रशियाचा आर्टिश लोपसान जेमतेम सहा लढतींचा अनुभव असलेला, पण विजेंदरपेक्षा चांगलाच उंच होता. इतकी वर्षे उंची आणि हाताची लांबी हे विजेंदरचे भांडवल होते; येथे ते प्रतिस्पर्ध्याकडे गेले. जॅबने अंतर राखणे जमेना आणि जवळ जाताना मार बसू लागला. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबविली. १७ ऑगस्ट २०२२ रोजी रायपूर येथे घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्याच फेरीत बाद करून त्याने त्या पराभवाला उत्तर दिले, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

काय उरले

जागतिक किताबाची लढत विजेंदरच्या वाट्याला आली नाही. त्याचे अनेक प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे होते, ही टीकाही निराधार म्हणता येणार नाही. तरीही दिल्ली, मुंबई, जयपूर, पणजी आणि रायपूर येथे प्रेक्षकांनी व्यावसायिक मुष्टियुद्ध पाहिले, ते त्याच्या नावामुळे. प्रो कबड्डीमुळे खेड्यापाड्यांतील चढाईपटूला लिलावाचा मार्ग खुला झाला. मुष्टियोद्ध्याला मात्र आजही प्रवर्तक, परदेशी प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी स्वतःच शोधावे लागतात. विजेंदरने तो मार्ग चालता येतो हे दाखविले. तो रुंद करण्याचे काम अद्याप बाकी आहे.