संमेलनाचे गाव आणि लोणारची धार

दूरदूर विखुरलेल्या माणसांनी एकत्र यायचे ठरवले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयाचा नव्हे, जागेचा. कुठे जमायचे? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा समुद्रकाठी शोधले जाते. अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे ही नावे लगेच ओठांवर येतात. वाळू आहे, वारा आहे, उतरायला निवास आहेत. मग आणखी काय हवे? या वर्षी मात्र दीडशे जणांच्या तीन दिवसांच्या अभ्याससंमेलनासाठी लोणारचे नाव पुढे आले. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तरीही त्याला किनारा आहे, त्या किनाऱ्यावरचे पाणी खारे आहे आणि पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही गावी आहे. जागा पाहून अहवाल देण्याचे काम आम्हांकडे आले. माणसांनी आजवर जमण्यासाठी गावे कशी निवडली, हे आधी पाहावे आणि मग लोणारची वाट धरावी, असे आम्ही ठरवले.

या इतिहासातले एक फार जुने पान सरोवराकाठचेच आहे. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्मगुरूंची महासभा बोलावली. ती आधी अंकिरा येथे, म्हणजे आजच्या अंकारात भरायची होती. नंतर ती निकिया नगरीत हलवण्यात आली. सम्राटाचे त्याविषयीचे पत्र सिरियाक भाषेत जपले गेले आहे आणि त्यातील कारणे कोणत्याही संयोजकाला ओळखीची वाटावीत अशी आहेत. इटली व युरोपातून येणाऱ्यांना हे गाव सोयीचे, तेथील हवा चांगली आणि सम्राटालाही स्वतः हजर राहणे शक्य. दूरच्या धर्मगुरूंसाठी सरकारी टपालाच्या गाड्याही देण्यात आल्या. निकिया, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील इझनिक, एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी वसलेले आहे. पण पत्रातल्या कारणांत तळ्याच्या देखाव्याला जागा नाही. या महासभेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे यांनी त्याच तळ्याकाठी जाऊन प्रार्थना केली.

दुसरे पान ट्रेंटचे. आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावरचे हे छोटे गाव सम्राटाच्या साम्राज्यात होते, पण बोली इटालियन होती. दोन्ही पक्षांना चालेल अशी ती तडजोड होती. १३ डिसेंबर १५४५ रोजी तेथे परिषद सुरू झाली. पुढे अवघ्या सव्वा वर्षात, मार्च १५४७ मध्ये, गावात ज्वराची साथ आल्याचे कारण देऊन ती बोलोन्याला हलवावी लागली. या स्थलांतरामागे राजकारणही होते. पण ते पुढे करता आले साथीमुळेच. परिषद पुन्हा ट्रेंटला आली आणि अखेर ४ डिसेंबर १५६३ रोजी संपली. राजांची संमती, भाषेची सोय, नकाशावरचे मोक्याचे स्थान, सारे जमले तरी पाहुण्यांच्या व गावाच्या आरोग्याची हमी त्यातून मिळत नाही, एवढे यातून उमगते.

आता आपल्या मातीकडे येऊ. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. अधिवेशने शहरांत भरत राहिली तर खेड्यातला माणूस कायम बाहेरच उभा राहील, हा महात्मा गांधींचा आग्रह त्यामागे होता. धनाजी नाना चौधरी आदी कार्यकर्त्यांनी गावाच्या बळावर तयारी उभी केली. ‘टिळकनगर’ नावाची तात्पुरती वसाहत वसली. तिची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून केली. पाहुण्यांच्या सवयींसाठी गाव बदलायचे, की गावाच्या कुवतीप्रमाणे पाहुण्यांनी वागायचे, या प्रश्नाला फैजपूरने दुसऱ्या बाजूने उत्तर दिले.

शेवटचे उदाहरण लोणारच्या अगदी शेजारचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी निमंत्रणे येतात, स्थळ निवड समिती गावे पाहते आणि मग महामंडळ निर्णय घेते. ९१ व्या संमेलनासाठी २०१७ साली बुलढाणा जिल्ह्यातील, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे स्थळ जाहीर झाले. आश्रमाच्या संस्थापकांच्या कार्यावरून अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. वाद वाढला आणि आश्रमाने निमंत्रण मागे घेतले. संमेलन बडोद्याला गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लक्ष्मीकांत देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले. त्या वादात बरोबर कोण होते, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांस एवढेच दिसते, की मैदान, मांडव आणि भोजनगृह मोजून समितीचे काम संपत नाही. ज्यांच्या दारी जायचे आणि जे जाणार, त्यांच्यात विश्वास आहे की नाही, हेही आधीच पाहावे लागते.

वाट, आरोग्य, यजमानाची कुवत आणि परस्परांचा विश्वास, अशी चार मापे हाती घेऊन आम्ही लोणारला गेलो.

वाटेची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. रेल्वेने येणाऱ्याला जालन्यात उतरून सुमारे ९० किलोमीटर रस्ता कापावा लागतो. मेहकरवरून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण झाल्यापासून मुंबई आणि नागपूर या दोन्ही बाजूंनी येणे सोपे झाले आहे. जवळच सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान आहे. वाटेच्या मापाला लोणार उतरते.

आता ते सरोवर. बसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोलीचे हे विवर आहे. तळाशी सव्वा किलोमीटरभर रुंद, अतिशय अल्कधर्मी पाण्याचे तळे आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ज्वालामुखीचे मुख म्हणून ते दीर्घकाळ ओळखले गेले. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवरात खोदून काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच घडू शकणारी काच दाखवून दिली आणि हे उल्केच्या आघाताचे विवर असल्याचे ठरले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. पुढील कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले.

परंतु परदेशी अधिकारी येण्यापूर्वीही लोणारला माणसे जमतच होती. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या लोणारच्या वास्तव्याचे उल्लेख आहेत. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त या स्थानाचे पावित्र्य नोंदवले आहे आणि काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, हेही नोंदवले आहे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर लवणासुराच्या वधाची कथा सांगते. विवराच्या आत, झाडीत, जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. तळ्याकाठी कमळजा देवीचे स्थान आहे आणि नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते.

एवढी शतके माणसे येत राहिली, ती कोणत्या पाण्यावर जगली? तळ्याचे पाणी पिता येत नाही, त्यावर शेतही पिकत नाही. उत्तर विवराच्या कडेवरच मिळते. तेथे गोड्या पाण्याचा एक अखंड झरा आहे. गावकरी त्याला ‘धार’ म्हणतात. गोमुखातून पडणाऱ्या त्या पाण्यात यात्रेकरू स्नान करतात आणि मग ते पाणी उतारावरून खाली तळ्याकडे जाते. गाव वसले, मंदिरे उभी राहिली, यात्रा भरली, ती या धारेच्या आधाराने. पाहुणा ज्या पाण्याचे छायाचित्र घेतो त्यावर गाव जगलेले नाही. गाव ज्या पाण्यावर जगले त्याच्यापाशी पाहुणा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो.

आमच्या मते जागा निवडणाऱ्याची खरी परीक्षा येथे आहे. समुद्रकाठच्या गावांनाही हेच लागू पडते. आपण लाटा पाहतो, पण सुटीच्या दिवसांत त्या गावाच्या विहिरी किती खाली जातात आणि आपला कचरा कोठे जातो, हे विचारत नाही. समुद्र निदान आपले डाग काही काळ लपवतो. लोणारचे विवर चारी बाजूंनी बंद आहे. तळ्यात आलेले पाणी नदीच्या रूपाने बाहेर जात नाही, त्यामुळे जे आत जाते ते आतच राहते. सांडपाणी आणि शेतातील खतांचा निचरा यांविषयीची चिंता म्हणूनच वारंवार व्यक्त झाली आहे. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा क्षारता वाढून खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव बळावल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्या तळ्याचा तोल किती नाजूक आहे, हे त्या वेळी साऱ्यांना कळले. २००० सालापासून हा परिसर अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

मग लोणारला जाऊच नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. भूगोल, इतिहास आणि भक्ती एकाच कड्यावरून दिसावीत अशी स्थळे महाराष्ट्रात थोडी आहेत, आणि आपल्या मुलांनी ते पाहिलेच पाहिजे. येथील लोक पाहुण्यांना दुरावत नाहीत. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, “किती जण येणार, महाराज?” आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “या, पण पावसाळा संपल्यावर या. उन्हाळ्यात आमचंच आम्हांला पुरत नाही.” आम्ही नेलेल्या चारही मापांचे सार त्या एका वाक्यात होते.

अहवालात आम्ही पुढील शिफारशी केल्या आहेत. संख्या दीडशेवरून साठावर आणावी. काळ नोव्हेंबर ते जानेवारी हाच असावा. सभा गावातील एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेत घ्यावी, विवराच्या कडेला मांडव किंवा ध्वनिक्षेपक नेऊ नये. स्वयंपाक गावातल्याच मंडळींकडे सोपवावा आणि पंगत धुऊन वापरायच्या ताटांवर व्हावी. विवरात उतरायचे ते वनखात्याच्या नियमांनुसार, दहा-दहांच्या गटाने आणि वाटाड्या बरोबर घेऊन. मंडळास दीडशेच माणसे हवी असतील, तर त्यांनी दुसरे गाव पाहावे.

मंडळातील काहींना ही शिफारस कठोर वाटेल. मोठे संमेलन म्हणजे यशस्वी संमेलन, ही समजूत आपल्यात रुजलेली आहे. पण निकियाला जाताना वाट आणि हवा पाहिली गेली, फैजपूरला गावाची ऐपत पाहिली गेली, आणि ती संमेलने आजही आठवली जातात. संख्या कमी केली तर ज्यांना या वर्षी येता येणार नाही त्यांना पुढच्या वर्षी प्रथम बोलवावे, अशी नोंदही अहवालात आहे. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी सर्वांनी आधी धारेपाशी जमावे आणि सरोवर दुसऱ्या दिवशी पाहावे, असा क्रमही आम्ही सुचवला आहे.