वाटसरूची बिनतारी वाणी

मुंबईहून पुण्यास जावयाचें म्हणजे पनवेलीस उतरावयाचें, असा एके काळीं परिपाठच होता. आगगाडी बोरघाट चढूं लागली ती १८६३ सालीं. तत्पूर्वीं बहुतेक प्रवासी होडीनें खाडी ओलांडून पनवेल बंदरास येत आणि तेथून खुष्कीची वाट धरीत. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १० नोव्हेंबर १८३० रोजीं, खुला झाला. पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता यांचे फांटे आजही पनवेलच्याच आसपास फुटतात. वाटसरू येथून एकदां पुढें निघाला कीं मुक्कामीं पोंचेपर्यंत जगाच्या दृष्टीनें मुका होई. त्याची हांक जेथवर ऐकूं जाई तेथवरच त्याचें जग. तांड्यानें प्रवास करण्याच्या जुन्या चालीमागें चोरांचें भय होतें, तसेंच हेंही एक कारण होतें.

बिनतारी विद्येनें हा मुकेपणा फार पूर्वींच दूर करावयास हवा होता. तसें झालें नाहीं याचा दोष विद्येकडे जात नाहीं. रस्त्यावरील माणसास बोलूं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आड आला. त्या विलंबाची हकीकत वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मार्कोनीनें १९०१ सालीं इंग्लंडांत वाफेवर चालणाऱ्या एका मोटारगाडीवर बिनतारी यंत्र बसविलें. गाडीच्या छपरावर वीस-पंचवीस फूट उंचीचें धातूचें नळकांडें असे. प्रवासांत तें आडवें निजवितां येई. परंतु एरियल उभारल्यानें सर्व काम भागत नाहीं. वर जशी तार, तसा खालीं भूमीचा आधार लागतो. जहाजास समुद्राचें पाणी असतें, घरास अंगणांतील ओली माती असते. धांवत्या गाडीनें तो आधार कोठून आणावा? मार्कोनीनें प्रथम तारेच्या जाळीची एक पट्टी जमिनीवर अंथरून पाहिली; पुढें तीही सोडून दिली आणि गाडीच्या बाष्पपात्राच्या लोखंडासच भूमि मानलें. यंत्र चाललें. गाडीनें आपली भूमि आपल्याबरोबर वाहून न्यावी, हें तत्त्व त्या दिवसापासून सिद्ध झालें.

आज ज्या मोटारींत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असते आणि जिला आपण कॅरव्हान म्हणतों, तिच्यावर यंत्र बसविणारा कारागीर हेंच तत्त्व पाळतो. ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीं राखलेला लहरींचा पट्टा, सुमारें २७ मेगॅहर्ट्‌झ या ठिकाणीं आहे. त्या लहरीची लांबी सुमारें ११ मीटर. एरियल तिच्या चतुर्थांशाएवढें, म्हणजे सुमारें पावणेतीन मीटर असावें लागतें. उंच गाडीच्या छपरावर एवढी काठी उभी केली तर ती वडाच्या फांद्यांत आणि पुलाखालीं अडकणार. म्हणून तारेचीं वेटोळीं करून उंची कमी करितात आणि त्याबद्दल थोडी शक्ति गमावतात. छप्पर लोखंडी असेल तर तीच भूमि होते; एरियल त्याच्या मध्याजवळ बसविलें म्हणजे चहूंकडे सारखें ऐकूं जातें. परंतु पुष्कळ कॅरव्हानांचें कवच काचतंतूचें असतें. तेथें छपराच्या आंतून धातूचा पत्रा किंवा जाळी लावावी लागते; मार्कोनीची जाळी जमिनीवरून जणूं छपरास गेली! शेवटीं मापक लावून एरियलची लांबी जुळवावयाची. ती न जुळल्यास सोडलेली शक्ति परत फिरते आणि यंत्रासच अपाय करिते.

इतकें हें काम सोपें आहे. मग तें आपल्याकडे रुळलें कां नाहीं?

२३ जुलै १९२७ हा दिवस या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशीं लॉर्ड आयर्विन यांनीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र उघडलें. खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारें हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी तारायंत्राचा व्यवहारही त्याच दिवशीं सुरू झाला. मुंबई केंद्राची शक्ति दीड किलोवॅट होती आणि त्याचा आवाज साधारण तीस मैलांपर्यंत नीट पोंचे. पनवेल त्या टापूंत येत होतें. दरसाल दहा रुपये भरून परवाना घेतला कीं पनवेलच्या गृहस्थास मुंबईचें गाणें घरबसल्या ऐकतां येई. ऐकण्याची मोकळीक मिळाली, ती अशी फी भरून. बोलण्याची मात्र नाहीं. १८८५ च्या तार कायद्यानें संदेशवहनाचा मक्ता सरकारच्या हातीं होताच. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून यंत्र बाळगणें हाही गुन्हा ठरला.

सरकारची भीति अगदींच निराधार नव्हती. आकाश सर्वांचें एकच. एकानें गोंगाट केला तर जहाजाची संकटाची हांक बुडून जाईल. परंतु भीतीचें खरें मूळ निराळें होतें, आणि तें १९४२ सालीं उघड झालें. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें मुंबईंत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून बोलणारें हें केंद्र एका जागीं राहत नसे. पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर असत, म्हणून यंत्र व एरियल काढून दुसऱ्या घरीं नेऊन पुन्हां उभें करावें लागे. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनीं ती येरवड्यास भोगली. फिरतें प्रेषक यंत्र सामान्य माणसाच्या हातीं आलें म्हणजे काय होऊं शकतें, हें सरकारनें पाहिलें. आणि हा धडा स्वराज्यांतील सरकारही लौकर विसरलें नाहीं.

अमेरिकेंतही प्रथम ऐकणेंच आलें. १९२८ सालीं डेट्रॉइटच्या पोलीस गाड्यांस हुकूम ऐकूं येत, उत्तर देतां येत नसे. दोन्ही बाजूंनीं बोलणाऱ्या गाड्या बेयॉन शहरीं १९३३ मध्यें निघाल्या. परंतु तेथें पुढचें पाऊल त्वरेनें पडलें. १९४५ सालीं नागरिकांसाठीं लहरी राखून ठेवल्या गेल्या आणि १९५८ सालीं २७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा खुला झाला. १९७३ मध्यें तेलाची टंचाई आली, तेव्हां मालमोटारींचे सारथी पेट्रोल कोठें मिळतें, पोलीस कोठें उभे आहेत, हें याच यंत्रावर एकमेकांस सांगूं लागले. १९७७ पासून तेथें चाळीस वाहिन्या झाल्या. त्या बोलण्यानें अमेरिकेचें राज्य बुडालें नाहीं.

आपल्याकडे २००५ सालच्या नियमांनीं २७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यांतील पांच वॅटपर्यंतच्या यंत्रांस परवान्यांतून सूट दिली. तोंपर्यंत भ्रमणध्वनि येऊन दहा वर्षें झालीं होतीं. मागितलेली वस्तु गरज सरल्यावर हातीं यावी, तसें झालें, असें कोणी म्हणेल. परंतु त्याच वर्षींचा २६ जुलै आठवावा. सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले, आणि मुंबईभोंवतींच्या रस्त्यांवर लोक रात्रभर अडकून पडले. पनवेलहून निघणारा गोव्याचा रस्ता ज्या महाड तालुक्यांतून जातो, तेथें जुई व दासगांव यांसारख्या गांवांवर डोंगर कोसळले. त्या रात्रीं खिशांत यंत्र असूनही माणूस १८३० सालच्या वाटसरूइतकाच एकाकी होता. कारण त्या यंत्राची वाणी दुसऱ्याच्या मनोऱ्यावर अवलंबून होती.

पांच वॅटचें यंत्र सर्व संकटें निवारील, असें समजणें भोळेपणाचें होईल. सह्याद्रीची भिंत त्याचा आवाज सहसा अडवते. सपाटीवरही तो कांहीं मैलांपलीकडे क्वचितच जातो. आणि जें बोलावें तें सर्वांस ऐकूं जातें, तेथें गुप्तता नाहीं. शिवाय ऐकणारा कोणी असेल तरच बोलण्यास अर्थ. परंतु जुन्या तांड्याचा गुण हाच होता. मागची गाडी पुढच्या गाडीस हांक मारी आणि ती हांक सर्वांची होई. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें कॅरव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आणि घर घेऊन फिरण्यास उत्तेजन दिलें. घर चालूं लागलें, हें ठीकच झालें. त्यास स्वतःची वाणीही हवी. तिला लागणारी भूमि तर गाडीच्या छपरांतच आहे, हें १९०१ सालापासून ठाऊक आहे.