धर्मादायाचा हिशेब

भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. शिलालेखांचे आणि प्राचीन इतिहासाचे अभ्यासक म्हणून ते आज अनेकांना ठाऊक असतात. त्यांचा रोजचा व्यवसाय मात्र रोगी तपासण्याचा होता. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईत आलेले भाऊ १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकले. १८५१ मध्ये पदवी घेऊन त्यांनी व्यवसाय थाटला, शहरातल्या सधन घरांत नाव कमावले आणि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साथीने गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. अशा डॉक्टरांच्या मागे आपण त्यांच्या सहृदयतेचे गोडवे गातो आणि तिथेच थांबतो. पण नुसत्या सहृदयतेवर दवाखाना वर्षानुवर्षे चालत नाही. परोपकारी डॉक्टरामागे एक व्यवस्था उभी असते, आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज त्याचे स्मरण पुरे होत नाही.

भाऊंच्या बाबतीत या व्यवस्थेचे दोन खांब उघड दिसतात: पैसे देऊ शकणारे रोगी आणि दवाखान्याचा भार वाटून घेणारे बंधू. पुढे विसाव्या शतकात गावोगावी आणि पेठापेठांत जो फॅमिली डॉक्टर उभा राहिला, त्याला तिसरा खांब मिळाला, तो म्हणजे कंपाउंडर. औषध दवाखान्यातच बनत असे. घाऊक आणलेल्या क्षारांचे आणि अर्कांचे मिक्श्चर कंपाउंडर रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत ओतून देई आणि डोस कळावा म्हणून बाटलीवर दातेरी कागदी पट्टी चिकटवी. तपासणीचे पैसे बहुधा वेगळे घेतले जात नसत, ते औषधाच्या किमतीतच येत. त्यामुळे कोणाकडून किती घ्यायचे हे डॉक्टरला माणूस पाहून ठरवता येई. पेढीवाल्याच्या घरच्या व्हिजिटची फी आणि हमालाच्या बाटलीचे चार पैसे एकाच गल्ल्यात पडत. दुसऱ्याची तूट पहिला भरून काढी. उधारी वहीत तशीच राहिली तरी कोणाचा बोभाटा होत नसे. कंपन्यांची तयार औषधे आली, चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्याची रीत रुळली आणि ही लवचिकता आटली. औषधाच्या छापील किमतीत सूट देणे डॉक्टरच्या हाती उरले नाही. त्याच्या हाती राहिली फक्त स्वतःची फी, आणि ती माफ केली तरी रोग्याचा मोठा खर्च तसाच राहिला.

यावर कोणी म्हणेल, सारे असे हिशेबात बसवले तर त्या माणसाचे मोठेपण कुठे उरले? व्यवस्था सवलत शक्य करते, सक्तीची करत नाही, हे इथे विसरता कामा नये. तोच गल्ला, तोच कंपाउंडर हाताशी असताना केवळ धन जोडणारे डॉक्टरही होतेच. शिवाय सधनांच्या पैशातून निर्धनांचे उपचार होतात, ही निव्वळ तर्काची गोष्ट नाही. ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांना लागू होतो का, या प्रश्नावर १९९५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच बाब धरली. जिथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ती जागा कायद्याच्या कक्षेबाहेर. पण जिथे काहींकडून पैसे घेऊन इतरांना मोफत तपासले जाते, तिथे मोफत रोगीही ग्राहकच, कारण त्यांचा खर्च पैसे देणाऱ्यांकडून आलेल्या उत्पन्नातून भागतो. म्हणजे फुकट औषध नेणाराही त्या देवघेवीत हक्काने सामील होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही सारी माया डॉक्टरच्या मर्जीवर होती. ज्या वस्तीत असा डॉक्टर नव्हता तिथे काय? ज्याच्या जातीमुळे त्याला दवाखान्याबाहेर ताटकळावे लागले, किंवा जी बाई पुरुष डॉक्टरकडे जाऊच शकली नाही, त्यांच्या वाट्याला या गल्ल्यातले काय आले? हा आक्षेप मान्यच करायला हवा. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले ते हक्काच्या भाषेत, आणि त्याची जबाबदारी शासनावर टाकली. चांगल्या डॉक्टरच्या आठवणी काढून ती जबाबदारी झाकता येत नाही. उलट, त्याचा हिशेब नीट मांडला तर तोच या तत्त्वाच्या बाजूने साक्ष देतो: ऐपतवाल्याने जास्त द्यावे, गरजवंताला कमी पडू नये आणि दारात आलेल्याची आधी ऐपत विचारू नये. एका दवाखान्याच्या आवाक्यात हे जमत होते, तर कर गोळा करणाऱ्या शासनाला ते जमणार नाही, असे म्हणायला फारसा आधार उरत नाही. म्हणून अशा डॉक्टरच्या स्मृतिग्रंथात गुणवर्णनाच्या जोडीला त्याच्या कंपाउंडरचे नाव, फीचे दर आणि बुडालेल्या उधारीची वहीही यायला हवी. पुढच्यांना त्यातून काही उचलता येईल. नुसत्या स्तुतीतून येत नाही.